कडूबाची भीती

चितेगावच्या कारखान्यात मानसशास्त्रज्ञ म्हणून मंतशाला पहिलीच नोकरी लागली होती, तीही अजून कच्ची. मॅनेजरनं प्रेस मशीनवरच्या कडूबाला तिच्याकडं पाठवलं. "मशीनसमोर गेला की थरथरतो. त्याची भीती तेवढी घालवा."

दार लागल्यावर कडूबा दबक्या आवाजात म्हणाला, "म्याडम, माल झपाझप निघावा म्हणून मशीनची पुढची जाळी काढून टाकलीय. एक दिवस माझा हात आतच राहतो बघा. पण माझं नाव घेऊ नका, नाय तर घरी बसवतील."

"नाही घेणार," ती म्हणाली, आणि उठून स्वतःच मशीन बघून आली. मग मॅनेजरच्या केबिनमध्ये गेली.

"सर, मी आत्ताच प्रेस मशीन पाहून आले. त्याला जाळी नाही. ते बंद करा."

"कडूबा बोलला?"

"मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. कडूबाला काहीही झालेलं नाही, सर. तिथं कुणीही शहाणा माणूस घाबरेल."

मॅनेजरनं तिच्याकडं रोखून पाहत फोन उचलला. तो कुणाला लावतोय, हे विचारायची तिची हिंमत झाली नाही. पण ती तिथून हललीही नाही.