ताकदीच्या गोळ्या

“देवकीचं लग्न झालं?” डॉक्टर शामलाबाई खुर्चीतून उठल्याच. “कधी?”

“वैशाखात,” देवकीची आई रुखमाबाई म्हणाली. “खापा गावाले दिली. माणसं लय चांगले आहेत जी.”

देवकीला नुकतंच अठरावं लागलं होतं. एकोणऐंशी सालापासून दोन वर्षं ती आईबरोबर नागपूरच्या या दवाखान्यात मिरगीच्या गोळ्या न्यायला येत होती. दिवस राहिले तर त्याच गोळ्या पोटातल्या बाळाला बाधू शकतात, हे तिला सांगायलाच हवं होतं. शामलाबाईंनी दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा रुखमाबाईने लेकीला पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर पिटाळलं. “कुवाऱ्या पोरीले असं सांगतेत काय जी?” आणि एवढी शिकलेली डॉक्टरीण, तीही ओशाळून गप्प बसली. लग्न ठरलं की सांगू, असं मनाशी म्हणाली.

“सासरी मिरगीचं माहीत आहे?”

“काहून सांगू? लग्न मोडलं असतं. गोळ्या मीच नेऊन देतो. सासूले सांगितलं, ताकदीच्या आहेत.”

शामलाबाईंना तिचा राग आला. त्याहून जास्त स्वतःचा आला.

“हे बघा, गोळ्या बंद करायच्या नाहीत. पण या गोळ्यांवर मूल राहिलं तर ते व्यंग घेऊन जन्मू शकतं. देवकीला आणा, जावयांनाही आणा. तांबी बसवता येईल, निरोध आहे. मूल हवं असेल तेव्हा आधी मला विचारा, औषधाचं बघू.” त्यांचा आवाज खाली आला. “तिला दिवस तर गेले नाहीत ना?”

“नाही जी. परवाच बाहेर बसली होती.”

शामलाबाईंचा जीव भांड्यात पडला. वेळ गेली नव्हती. त्या चिठ्ठी लिहायला बसल्या.

“या खेपेले दुप्पट लिहा,” रुखमाबाई म्हणाली. “पुरूनच नाही राहिल्या.”

“का? तिला तर रोज दोनच सांगितल्यात.”

“सासू भली बाई आहे. दोघी सुनांत भेद करत नाही. अर्ध्या गोळ्या मोठीले देते, तिलेही ताकद पाहिजे म्हणून. तिले...” रुखमाबाई मध्येच थांबली. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“तिले तिसरा महिना आहे जी.”