पांढरी खुर्ची

सासूबाई गेल्यावर सुनेने त्यांची खुर्ची रंगवायला काढली. "पांढरा रंग द्या, मग कडा घासून जुनाट करा. जुनी दिसू दे, पण त्यांची वाटायला नको."

"जुनीला नवी करायची अन् परत जुनी! करू की," पॉलिशवाला हसला.

रंग देऊन तो गेला. सुनेने खोलीला कुलूप लावलं.

सकाळी तो आल्यावर तिने दार उघडलं. खुर्चीच्या डाव्या हातावर रंग झिजून लाकूड उघडं पडलं होतं.

"नेमकं तिथेच कशाला घासलंत? तिथेच बोटं आपटत बसायच्या त्या!"

"ताई, घासायला तर मी आत्ता आलोय."

त्याने त्या जागेवर तळवा ठेवला आणि झटकन उचलला. लाकूड कोमट होतं.