अख्ख्या दिवसाची चिठ्ठी

डेल्फीन बॉग्स दारातून आत आली आणि हातातली पिवळी चिठ्ठी तिने प्रूइटबाईंच्या टेबलावर ठेवली.

"आज काय केलंस?"

"हॅन्लीसरांना शिवी दिली."

"ते काय म्हणाले होते?"

"काही नाही. फळ्यावर लिहीत होते."

अलाबामातल्या त्या शाळेत एकशे चौदा नंबरची खोली म्हणजे शिक्षा. वर्गात दंगा करणाऱ्या मुलांना घरी न धाडता चिठ्ठी देऊन तासभर नाहीतर दिवसभर इथे बसवत. जेवणही इथेच. पूर्वी मुलं भिंतीकडे तोंड करून झोपा काढायची. प्रूइटबाईंनी ते मोडून काढलं. पाच-सहाच मुलं असत, तेव्हा ज्याचं जिथे अडलं असेल तिथे त्या खुर्ची ओढून शेजारी बसायच्या. अकरा वर्षं हे असंच चाललं होतं.

डेल्फीनने न सांगता पुस्तक उघडलं. पोर सातवीत होती, पण वाचन दुसरीतलं. सप्टेंबरपासून ही तिची नववी चिठ्ठी. या खोलीत बसून बसून ती आता अर्धं पान न अडखळता वाचायला लागली होती.

"मुद्दाम दिलीस ना शिवी?" बाईंनी हळूच विचारलं.

"पेन्सिल फेकली तर एकच तास मिळतो," डेल्फीन म्हणाली. "शिवीला अख्खा दिवस."

"अगं, दहावी चिठ्ठी आली की तुला इथे नाही पाठवणार. जिल्ह्याच्या त्या दंगेखोर पोरांच्या शाळेत घालतील. दारात पोलीस, बसने दीड तास. कायमची!"

डेल्फीनने पुस्तकातून मान वर केली. "तिथे पण अशी खोली असेल ना?"

जेवणाच्या सुट्टीत बाई उपमुख्याध्यापक केसलर यांच्याकडे डेल्फीनसाठी वाचनाची खास शिकवणी मागायला गेल्या. वाचन शिकवणारी बाई शाळेत एकच, मुलं सहाशे. केसलरनी तिच्याकडे जायला थांबलेल्या मुलांची यादी वरपासून खालपर्यंत पाहिली.

"नाव घालतो. मार्चनंतर बघू."

"आणि तोवर?"

"तोवर तिला वर्गात टिकवा. तुमच्या हाताला गुण आहे, बाई."

परत आल्यावर प्रूइटबाई डेल्फीनच्या शेजारी बसल्या नाहीत. तिथली खुर्ची त्यांनी उचलली आणि आपल्या टेबलामागे नेऊन ठेवली.

"बाई, हा शब्द येत नाहीये."

"इथे बोलायचं नसतं."

"पण सकाळी तर तुम्ही..."

"ही शिक्षेची खोली आहे, डेल्फीन. तोंड भिंतीकडे कर."

बाकीची मुलं माना वर करून बघायला लागली. बाईंचा असला आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. डेल्फीन वळून बसली. तिची मान लालबुंद झाली होती. त्यानंतरचे अडीच तास बाई समोरच्या कागदांवर उगाच रेघा ओढत राहिल्या.

तीनची घंटा झाली. डेल्फीनने दप्तर खांद्याला अडकवलं.

"तुम्ही पण तसल्याच निघालात," एवढंच ती म्हणाली.

बाईंनी उठून तिच्यासाठी दार उघडून धरलं.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठी आली नाही. त्या आठवड्यात आली नाही. नाताळची सुट्टी लागेपर्यंत आली नाही. शेवटच्या दिवशी केसलर स्वतः खोलीच्या दारात येऊन उभे राहिले, खुशीत होते.

"मानलं हं तुम्हाला! त्या बॉग्सच्या पोरीवर काय जादू केलीत कोण जाणे. बाकीच्या शाळांसाठी जरा लिहून द्या ना, खोली कशी चालवता ते."

"पोर बरी आहे ना?" बाईंनी विचारलं.

"एकदम! हॅन्ली तर म्हणतात, वर्गात आहे की नाही ते कळतसुद्धा नाही."