थेंबभर रक्ताची साक्ष

शिवणवाल्या वहिनींची छाती अधूनमधून एकाएकी धडधडायची, अंग घामाने चिंब व्हायचं. डॉक्टरांच्या दारात पोचेपर्यंत मात्र सगळं शांत झालेलं असायचं. “मनाचे खेळ आहेत,” नवरा म्हणायचा. पाच वर्षांत त्यांनाही ते पटू लागलं होतं. एकदा दवाखान्यात बसल्याबसल्याच धडधड सुरू झाली. तिथे एक संशोधक मुलगी नव्या कागदी पट्ट्यांची चाचणी घेत होती. तिने वहिनींच्या बोटातलं थेंबभर रक्त पट्टीवर घेऊन ती जांभळ्या दिव्याखाली धरली. ठिपका हिरवा लखलखला. “काकू, नसांमधून निरोप नेणारं रसायन रक्तात भलतंच वाढलंय,” मुलगी म्हणाली. “हे खरंखुरं दुखणं आहे.” पुढे मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत ते रसायन सोडणारी गाठ सापडली, ऑपरेशनने निघाली. महिन्याने वहिनी नवऱ्यासोबत प्रयोगशाळेत गेल्या. “आता बऱ्या आहात ना?” मुलीने विचारलं. “तू ‘खरंखुरं दुखणं’ म्हणालीस ना, बरी मी त्याच दिवशी झाले, बाळा. गाठ नंतर निघाली.”