हिरवी पुडी, पिवळी पुडी

आकडे फारच शहाण्यासारखे वागत होते, म्हणून डॉ. नोएलीला संशय आला.

गावातले सोळा मधुमेही. आठांना हिरव्या पुडीत पाटा-दे-वाकाची, म्हणजे गाईच्या खुरासारखी दुभंगलेली, खरी पानं. आठांना पिवळ्या पुडीत कसलीशी बिनगुणाची पानं. पहिलं रक्त नर्सने काढलं. पुढे रोज सकाळी ज्याने त्याने घरी बोट टोचून कागदावर थेंब घ्यायचा आणि ते कागद प्रयोगशाळेत धाडायचे. महिनाभरात सोळाच्या सोळा जणांची साखर नव्वदीवर येऊन गुमान बसली होती. पिवळ्यावाल्यांचीसुद्धा.

पानं डोना जुरेमाची, पुड्याही तिनेच बांधलेल्या. अहवाल चांगला आला तर सरकारी दवाखाना तिचीच पानं घेणार होता. वाईट आला तर बाजारातली तिची टपरी उठणार होती.

'बाईने मधुमेहाच्या गोळ्या कुटून घातल्यात,' नोएलीने ताडलं.

तिने हिरवी पुडी तपासली. शुद्ध. पिवळी तपासली. औषधाचा कणही नाही. म्हणजे बाई भलतीच पोचलेली!

शनिवारी ती न कळवता गावात थडकली. चौकात सोळाही जण गोल करून बसले होते. मधोमध जुरेमा. 'माते' नावाच्या कडसर चहाचा एकच तुंबा, एकच नळी. तुंब्यात हिरवी पुडी पडली, वर पिवळी पडली.

"हे काय चाललंय?"

"या, डॉक्टरीणबाई," म्हातारे सेउ आर्लिंदो सरकून म्हणाले. "टेका."

"पुड्या वेगवेगळ्या दिल्या होत्या ना तुम्हाला?"

"मग काय, एकेकाने कोपऱ्यात तोंड घालून प्यायचं? गुरं आहोत का आम्ही?"

नोएलीला हसूच फुटलं. बाई चोर नव्हती. उलट, तिच्या पानांनी निम्म्या मापात सोळा जणांची साखर उतरवली होती! नोएलीने तुंबा घेतला, नळीला तोंड लावलं.

"डोना जुरेमा, मी तुमच्यावर उगाच संशय घेतला. आजच अहवाल लिहिते. तुमची पानं म्हणजे सोनं आहे."

"लिही, पोरी, लिही," जुरेमा लाजली. मग तिने दहाही बोटं पुढे केली. टोचून टोचून चाळण झालेली. "फक्त ते कागद जरा कमी पाठव. या सगळ्यांना सुईची भीती. मला मेलीला साखर नाही की काही नाही, पण सोळा जणांचं रक्त रोज एकटीने पुरवायचं म्हणजे बोटं उरत नाहीत गं."