नऊ दिवसांची वाट

"सगळं सामान आधी खाली मांड," बंकट खाटेवरून म्हणाला. "मग त्यातलं निम्मं कपाटात परत ठेव."

त्याच्या बायकोनं, तुळजाबाईनं, सतरंजीवर एकेक वस्तू ओळीनं मांडली. दोन पंजाबी ड्रेस, टॉर्च, दोरी, पातेली, दोन जाड चादरी.

"दोन चादरी कावून?"

"थंडी हाय ना लई."

"उद्या वझं खांद्यात रुतलं म्हंजे मला शिव्या देशील. एकच घे."

तिनं मुकाट्यानं एक चादर बाजूला काढली. बंकटला बरं वाटलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्याचं म्हणणं कुणीतरी असं ऐकत होतं.

साखर कारखान्यात फिटर असताना दर डिसेंबरात तो पाठीवर सॅक टाकून सह्याद्रीत जायचा. आठ-आठ, दहा-दहा दिवस. दोन वर्षांपूर्वी एका कड्यावरून पाय निसटला आणि कंबरेखालचं अंग गेलं. तेव्हापासून चौसाळ्याच्या शिवारातलं हे घर, ही खाट आणि ही खिडकी. अंघोळ, जेवण, कूस बदलणं, सगळं तुळजाबाईच्या हातानं.

दसरा झाला आणि एके दिवशी तीच म्हणाली, "मला बी एकदा जायचंय."

"कुठं?"

"डोंगरात. असं काय हाय तिथं, जे तुमाला घरी टिकू देत न्हवतं, ते बघायचंय."

आधी तो हसला. मग तिला खाटेजवळ बसायला सांगितलं. त्यानं त्याच दिवशी नकाशा काढायला लावला. मांजरसुंब्यापासून बालाघाटाच्या कडेकडेनं सौताड्यापर्यंत जायचं आणि तसंच परत यायचं. नवख्या माणसाला नऊ दिवस पुरेत. पहिला मुक्काम कपिलधारला. पुढचे मुक्काम त्यानं देवळं आणि शाळा बघून ठरवले. तेवढे दिवस सिरसाळ्याहून त्याची थोरली बहीण भिवराबाई येऊन त्याच्यापाशी राहणार होती.

रोज दुपारी जेवणं झाली की शिकवणी चालायची. तुळजाबाई वही घेऊन बसायची.

"चालताना दम लागला की थांबायचं न्हाई, चाल कमी करायची. फोड आला तर फोडायचा न्हाई. आन डोंगरात शिरलं की फोन बंद ठेवायचा, न्हाईतर घर पाठ सोडत न्हाई. मी कायम बंदच ठेवायचो."

बोलून गेल्यावर त्याची जीभ अडखळली.

सात वर्षांपूर्वी त्यांची लेक वैष्णवी तापानं फणफणली, तेव्हा तो हरिश्चंद्रगडावर होता. तुळजाबाईनं दोन दिवस फोन लावला. दवाखान्यात न्यायला गाडी मिळाली तोवर उशीर झाला होता. पाचव्या दिवशी तो घरी आला तेव्हा पोरीचं सगळं उरकलं होतं. गडावर रेंज नव्हती, असं त्यानं तेव्हा सगळ्यांना सांगितलं होतं.

त्यानं चोरून तिच्याकडे पाहिलं. ती मान खाली घालून लिहीत होती.

"फोन बंद," ती लिहिता लिहिता म्हणाली. "फुडं?"

त्यानं सुटकेचा निःश्वास टाकला. ऐकलं असेल, पण लागलं नव्हतं. काळ सगळ्यावर औषध असतो.

दिवाळीनंतर लगेच निघायचं ठरलं होतं, पण तिनंच महिनाभर पुढं ढकललं. "पाय तयार होऊ द्या," म्हणाली. सॅकमध्ये ज्वारी भरून ती रोज सकाळी वस्तीपर्यंत जाऊन यायला लागली. परत आली की सांगायची, आज बजरंगचं बिऱ्हाड ऊसतोडीला गेलं, आज धोंडीरामचं. डिसेंबर लागला तसं सगळी वस्ती कुलपं लावून मोकळी झाली. वाटेवर आता कुत्रीसुद्धा नव्हती म्हणे.

"पाण्याचं कसं?" एकदा तिनं विचारलं.

"दिसाला तीन लिटर धर."

"आन संपलं तर? माणूस किती दिस तग धरतो?"

"तीन. थंडीत चार." तो हसला. "भिऊ नको. तेवढी येळ येणार न्हाई."

तिनं तेही लिहून घेतलं.

निघायच्या आदल्या दिवशी त्यानं आपला फोन तिच्या हातात दिला. "सगळा नकाशा ह्यात हाय. तुझ्या डबड्यात तो दिसायचा न्हाई."

"आन तुमाला?"

"मला काय करायचाय? तुझा बी संग असू दे. ताईकडं हाय की."

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताच तिनं त्याला चहा पाजला, कूस बदलली, अंगावर गोधडी घातली. भिवराबाई दहाच्या एसटीनं येणार होती. दोन-चार तासांचा तर प्रश्न. तुळजाबाईनं सॅक पाठीवर चढवली, कमरेचा पट्टा त्यानं शिकवला तसा आवळला आणि वाकून त्याच्या पायांना हात लावला. त्या पायांना काही कळलं नाही, पण त्याचे डोळे भरून आले.

"वैष्णवीच्या नावानं जा," तो म्हणाला. सात वर्षांत त्यानं ते नाव पहिल्यांदा घेतलं होतं.

"तिच्याच नावानं चाललेय," ती म्हणाली.

बाहेरून कडी लागली. तो कान देऊन ऐकत राहिला. पावलं सावकाश पडत होती, एका लयीत, पक्क्या चालणाऱ्याची. एवढ्याशा दिवसांत बाई तयार झाली होती. ह्या पायांनी नाही, तरी तिच्या पायांनी आपण पुन्हा डोंगर चढणार, असं त्याला वाटलं.

खिडकीखाली येऊन पावलं थांबली. तिचा आवाज आला. फोनवर बोलत होती.

"हालो, वन्सं? निघाला न्हाईत ना अजून? बरं झालं. येऊ नका तुमी, माझं जाणं रद्द झालं. न्हाई, न्हाई, बरे हायेत ते. काळजी कावून करता? मी हाय ना त्यांच्यापाशी."