तपासणीचा फोन

"आधी नाव सांगा, कुठल्या दवाखान्यातून बोलताय ते सांगा. मग बघू," रुग्णालयाच्या नोंदणी विभागातली ताई फोनवर म्हणाली.

पलीकडच्या बाईने धापा टाकतच सांगितलं. हमरस्त्यावरचा छोटा दवाखाना. अपघातातला एक माणूस बेशुद्ध आणलाय, त्याच्या खिशात तुमच्या रुग्णालयाचं कार्ड सापडलंय. "कार्डावरचा नंबर देते. त्याला कुठलं इंजेक्शन चालत नाही, एवढंच कॉम्प्युटरवर बघून सांगा. डॉक्टर सुई भरून थांबलेत."

ताईचा हात कीबोर्डकडे गेला, पण तिने तो मागे घेतला.

रुग्णालयाने आपल्याच कॉम्प्युटर यंत्रणेत घुसून दाखवायला बाहेरची माणसं नेमली होती. चोर घुसेल तसंच त्यांनी घुसायचं, म्हणजे भगदाडं घरच्यांना आधी कळतात. मागच्या खेपेला त्यांच्यातलाच एकजण डॉक्टर बनून फोनवर रडला होता. ताईला दया आली, तिने पासवर्ड देऊन टाकला. साहेबांनी सगळ्यांदेखत खरडपट्टी काढली. पुन्हा असं झालं तर घरी बसा, म्हणाले. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला. तिची नोकरी होती म्हणून त्याचे उपचार इथे फुकट होत होते.

आणि आजपासून पुन्हा तशीच तपासणी होती.

"तुमच्या दवाखान्याच्या नंबरवरून फोन करा," ताई म्हणाली.

"लाइन बंद आहे हो! माझ्या मोबाइलवरून बोलतेय."

शेजारच्या टेबलावरचा सहकारी खुसखुसला. दिवसभर तोंड चालू, म्हणून सगळे त्याला पोपट म्हणत. "यांची लाइन नेमकी आजच बंद! ताई, विरघळू नका."

"मग लेखी विनंती पाठवा," ताई फोनवर म्हणाली.

"अहो ताई, तुमच्या पाया पडते. माणूस जाईल हो."

ताईला गलबलून आलं. मागच्या खेपेलाही अस्संच आलं होतं. तिने डोळे मिटले.

"नियम आहे. मला सांगता येणार नाही."

पलीकडे मागून कुणीतरी ओरडलं. बाई काहीतरी बोलली, पण ताईशी नाही. फोन बंद झाला.

"काय नट आहेत!" पोपट म्हणाला. "मागे ओरडायलासुद्धा माणूस ठेवलाय."

ताईने देवाचं नाव घेतलं, घोटभर पाणी पिऊन नवऱ्याला फोन लावला. "आज नाही हो फसले."

"मग रडतेस कशाला?"

"कुठे? उगीच आपलं."

संध्याकाळी साहेब घरी जाता जाता दारातून डोकावले. ताई उठून उभी राहिली.

"साहेब, या वेळी पास ना मी?"

"कशात?"

"तपासणीत."

"अहो, ती पुढच्या आठवड्यावर गेली. तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं," साहेब म्हणाले. "का हो? कुणाचा फोन आला होता का?"